स्पेनचे नाच, ग्रोनिंगनचं पटांगण आणि आम्ही दोघी

मी ग्रोनिंगनला जाणार म्हटल्यावर घरात लगेच कारणं निघाली. मुलगा समीर म्हणाला, दोनदा गाडी बदलावी लागते. सूनबाई मानसी म्हणाली, तिथले जिने शिडीसारखे उभे, आई, तुमचे गुडघे काय म्हणतील. आणि दोघांच्या मनात जे खरं होतं ते शेवटी मानसीनेच बोलून टाकलं. "दोन दिवस तुम्ही दोघी बोलणार काय?"

दोघी म्हणजे मी आणि माझी नात रेवा. रेवा एकोणीस वर्षांची आहे, ग्रोनिंगनला कॉलेजात शिकते. चार वर्षांची असताना इथे हॉलंडला आली. तिला मराठी सगळं कळतं, अगदी मी शेजारणीबद्दल हळू आवाजात सांगितलेलंसुद्धा. पण उत्तर देणार इंग्रजीत, नाहीतर डचमध्ये. मी चौथी शिकलेली. माझं इंग्रजी येस, नो आणि थँक्यूवर संपतं. त्यामुळे आमच्या दोघींच्या मध्ये नेहमी समीर. ती पोरगी हातवारे करून पाच मिनिटं काहीतरी रंगवून सांगते, हसते, डोळे मोठे करते, आणि समीर मला सांगतो, "कॉलेज ठीक चाललंय म्हणते." मी म्हणते, अरे, ती एवढं बोलली. तर म्हणतो, महत्त्वाचं तेवढं सांगितलं, आई. आता ह्या इंजिनीयरला कोणी सांगावं की महत्त्वाचं मला नकोच आहे. ते तर मार्कशीटवरही असतं. मला बिनमहत्त्वाचं हवं होतं.

माझं परतीचं विमान दोन आठवड्यांवर आलं होतं. रेवा सुट्टीला बेस्टला, समीरच्या गावी, आली तेव्हा तिने सांगितलं (समीरने सांगितलं, म्हणजे), की ती कॉलेजातल्या स्पॅनिश नाचाच्या मंडळात आहे आणि शनिवार-रविवारी तिथे मेळावा आहे, ठिकठिकाणचे स्पॅनिश लोक जमणार. मी म्हटलं, मी येते. रेवाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ओके." एवढं मला समजतं.

हा ब्लॉग मानसीचा. इकडे मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांसाठी ती लिहिते, कुठला दवाखाना, कुठे कढीपत्ता मिळतो वगैरे. ह्या वेळी म्हणाली, आई, तुम्हीच लिहा. तर मी फोनवर बोटाने लिहिते आहे. ऱ्हस्व-दीर्घ तिने बघितलंय, बाकी शहाणपण माझं.

शनिवारी सकाळी बेस्टहून निघालो. बेस्टहून देन बॉश, तिथून उट्रेख्त, आणि तिथून ग्रोनिंगनची एकच गाडी, सरळ. साडेतीन तासांच्या आसपास लागतात. बँकेचं कार्ड दाराशी टेकवायचं आणि उतरल्यावर परत टेकवायचं, हे विसरू नका, नाहीतर दंड बसतो. रेवाकडे शिक्षणाचं कार्ड आहे, त्यावर बरोबरच्या माणसालाही सवलत मिळते. तुमची नातवंडं शिकत असतील तर विचारून घ्या. पोरं आपण होऊन सांगत नाहीत.

उट्रेख्तला गाडी बदलली आणि मी मोकळा डबा बघून आत शिरले. छान खिडकी मिळाली. डबा उघडला, दशम्या आणि लसणाची चटणी काढली, आणि रेवाला म्हटलं, हं, आता सांग, तुझ्या खोलीवर कोण कोण राहतं. समोरच्या गृहस्थांनी पेपर खाली केला आणि बोटाने खिडकीची काच दाखवली. काचेवर 'स्टिल्टे' लिहिलेलं. रेवाने कपाळाला हात लावला. तो शांततेचा डबा होता. तिथे बोलायचं नसतं, फोन वाजवायचा नसतो, फक्त बसायचं. आम्ही दोघी बोलायला म्हणून निघालेल्या आणि सगळी गाडी सोडून नेमक्या तिथे जाऊन बसलो. दशमी चावायचाही आवाज येतो की काय अशी मला धास्ती. त्या गृहस्थांना मी अर्धी दशमी पुढे केली. त्यांनी मान हलवली. चटणीचा वास मात्र त्यांनी फुकट घेतला.

पुढच्या स्टेशनला डबा बदलला. तिथे रेवाने फोन काढला. ती इंग्रजीत काहीतरी बोलली आणि फोनमधून एक पुरुष मराठीत बोलू लागला, आकाशवाणीवर निधनवार्ता देतात तसा. "आपणास शौचालयास जाण्याची आवश्यकता आहे काय?"

मी म्हटलं, मला नाही, पण ह्याला जायचं असेल तर जाऊ दे.

रेवा खूप हसली. तिला विनोद कळला ह्याचा मला इतका आनंद झाला की मी आणखी दोन केले. पण हसू ओसरलं की पुन्हा तेच. ती खिडकीतून गाई बघते, मी खिडकीतून गाई बघते. हॉलंडमध्ये गाई पुष्कळ आहेत. अस्सेन स्टेशन येईपर्यंत मला काळ्या-पांढऱ्या गाईंचा कंटाळा आला, आणि मला मानसीचा प्रश्न आठवला.

ग्रोनिंगनचं स्टेशन बघण्यासारखं आहे. आत मान वर करून छत बघा, देवळाचं नक्षीकाम असावं तसं रंगवलंय. बाहेर सायकली. सायकली म्हणजे किती, तर आपल्याकडे जत्रेनंतर पटांगणात चपला पडलेल्या असतात तशा. चालताना सायकलींच्या लाल वाटेवर पाय टाकू नका. मी टाकला, आणि एक आजी, माझ्याहून मोठी, पाठीमागून घंटी वाजवत वाऱ्यासारखी गेली. रेवाने मला दंडाला धरून ओढलं आणि मग तो दंड सोडलाच नाही. बाजाराच्या चौकाजवळ आम्ही 'आयरबाल' खाल्ला. हे इथलं खास. आत अख्खं उकडलेलं अंडं, वर मसालेदार सारण, आणि सगळं तळलेलं. आपल्या बटाटेवड्याने अंडं गिळलं तर जसं होईल तसं. एकटीला एक पुरतो. शाकाहारी असाल तर लांब राहा, सारणात मटण असतं.

मग मेळाव्याच्या जागी. शनिवारी सगळं एका वस्तीच्या हॉलमध्ये होतं, शिकवणी आणि तालीम. रविवारी बागेत, लोकांसमोर. शिकवणाऱ्या बाई पिलार. सत्तरीच्या असतील, माझ्याच वयाच्या, बुटक्या, केस पांढरे आणि पायात काळे बूट. तरुणपणी नवऱ्याच्या मागे स्पेनहून इथे आल्या. नवरा कारखान्यात कामाला होता. नवरा गेला, मुलं मोठी झाली, ह्या राहिल्या आणि नाच शिकवतात. मला बघून त्यांनी दोन्ही गालांचे मुके घेतले. मी मग त्यांच्या पाया पडायला वाकले, कारण मला काहीतरी करायला हवं होतं, तर त्याही वाकल्या आणि आमची डोकी आपटली. ओळख चांगली झाली.

पिलारबाईंचा एक नियम आहे, हॉलमध्ये फोन नाही. दाराशी वेताची टोपली, सगळ्यांनी त्यात फोन ठेवायचे. रेवाचा फोन टोपलीत गेला आणि आमचा तो निधनवार्तावालाही त्याच्याबरोबर गेला. आता पिलारबाई डचमध्ये बोलणार, मला कळणार नाही. मी बोलणार, त्यांना कळणार नाही. मध्ये रेवा. समीर शंभर कोसांवर.

पिलारबाईंनी मला खुर्ची दिली आणि पहिला नाच दाखवताना काहीतरी सांगून रेवाकडे बघितलं. सांग तुझ्या आजीला, अशा नजरेने. रेवा लाल झाली. मग हळूच म्हणाली, "आजी, हा गिरणीचा आहे."

मी श्वास रोखून बसले. मांजर ओट्यावर आलं की आपण हलत नाही तशी.

"लोक दळण घेऊन जायचे," ती म्हणाली. "लाइन असायची. मग… पीठ होईपर्यंत नाचायचं."

तर हा मुन्येइरा. पिलारबाईंच्या मुलखातला, स्पेनच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात गालिसिया म्हणून आहे तिकडचा. तिथे पाऊस पुष्कळ, ओढ्याकाठी पाणचक्क्या. नावाचा अर्थच गिरणीवालीचा नाच. बरोबर मशकबीन वाजते, आपल्याकडे लग्नाच्या बँडात कधी कधी असते ती, पिशवी बगलेत धरून फुंकायची. पाय असे भराभर पडतात की जणू जमीन तापली आहे. मी डोंबिवलीला तीस वर्षं गिरणीत रांगेला उभी राहिले. आम्ही रांगेत फक्त भांडलो. हे रेवाने पिलारबाईंना सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, भांडणही व्हायचं, त्याचं गाणं करायचे.

मग खोता. हा आरागोन प्रांताचा, उड्या मारत, हातात लाकडी टिचक्या घेऊन. दोन शिंपल्यांसारख्या असतात, अंगठ्याला दोरी बांधून बोटांनी वाजवायच्या. एक गोष्ट सांगतात की फार पूर्वी कोणी अरब गवई होता, त्याला गावातून हाकललं, तो जिथे जिथे गेला तिथे हा नाच पोचला. रेवाने एवढी लांब गोष्ट मला मराठीत सांगितली. मध्ये 'हाकललं'साठी शब्द सापडेना तर तिने मला दाराकडे ढकलून दाखवलं. शेवटी म्हणाली, "पण पिलार म्हणते, खरं नसेल. गोष्ट छान आहे म्हणून सांगतात." प्रत्येक प्रांताचा आपला वेगळा खोता आहे म्हणे, आणि प्रत्येक जण आपलाच पहिला म्हणतो. आपल्याकडे मोदकांचं आहे तसं.

सेव्हियानास हा स्पेनच्या खालच्या बाजूचा, सेव्हियाच्या जत्रेतला, जोडीने करायचा. चार भाग असतात. पहिल्यात भेट, दुसऱ्यात प्रेम, तिसऱ्याला रेवा अडकली. भांडण हा शब्द येईना. मग तिने कमरेवर हात ठेवला, मान झटकली आणि माझ्यासारखी बोलली, "समीर, मी काय सांगितलं होतं तुला." हुबेहूब. मी इतकी हसले की चष्मा पडला. चौथा भाग समेटाचा. पिलारबाईंना मी रेवाकरवी सांगितलं की आमच्या ह्यांची आणि माझी तिसऱ्यातच चाळीस वर्षं गेली, चौथा शिकायचा राहिला. त्या म्हणाल्या, आमचंही तेच, पण ताल चुकला नाही.

आता माझा पराक्रम.

हॉलच्या मधोमध एक खांब रोवलेला होता. वरून रंगीत फिती सोडलेल्या. नाचणाऱ्यांनी एकेक फीत धरायची, अर्ध्यांनी ह्या बाजूने फिरायचं, अर्ध्यांनी उलट, एकाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून. खांबावर वेणी विणली जाते. मग तोच नाच उलटा करायचा, वेणी सुटते. मी उठून उभी राहिले. हा तर गोफ. कुडाळजवळच्या आमच्या वाडीत शिमग्याला देवळासमोर आंब्याच्या फांदीला दोऱ्या बांधून हाच खेळतात. रेवाला म्हटलं, बाईंना सांग, हे आमच्याकडे आहे, मला येतं.

पिलारबाईंना फार कौतुक वाटलं. एक मुलगी यायची होती, तिच्या जागी त्यांनी मला हिरवी फीत दिली.

आता खरं काय ते लिहिते. आमच्याकडे गोफ पुरुष खेळतात. बायका देवळाच्या पायरीवर बसून बघतात. मी लहानपणापासून दर शिमग्याला बघितलाय, कोणाचं पाऊल चुकलं हे पायरीवरून ओरडूनही सांगितलंय. पण दोरी हातात कधी धरलेली नाही. बघून येतं आणि धरून येतं ह्यात केवढं अंतर आहे ते मला ग्रोनिंगनला कळलं. पायरीवरून सगळे दिसतात. आत शिरलं की समोरून येणारा तेवढा दिसतो, आणि तो येईपर्यंत आपण ठरवलेलं असायला हवं, वरून की खालून. मी जिथे मोकळं दिसेल तिथून गेले. एका उंच मुलाला मी दोनदा प्रदक्षिणा घातली.

विणताना कोणाला समजलं नाही. उलटं सोडवायला गेलो आणि खांबाच्या मध्यावर चेंडूएवढी गाठ. कोणी पुढे जाईना, कोणी मागे. माझी फीत तिघांच्या गळ्यातून. कोणीतरी हसायला लागलं आणि मग सगळा हॉल हसला. पिलारबाई तर गुडघ्यावर हात ठेवून. मीही हसले, करणार काय, गावाचं नाव घेऊन मोठ्या तोंडाने येतं म्हणाले होते.

कातरी लावायची नाही, हा दुसरा नियम. ज्याने गाठ घातली त्यानेच नाचत सोडवायची. रेवा माझ्या पुढच्या फितीला होती. तिने ती शेजारणीला धरायला दिली, माझ्यासमोर आली आणि सुरू झाली. "आजी, खाली. खाली, आजी, वाक जरा. आता वर. नाही, त्याच्या वरून. थांब. हात सोडू नको. मागे ये. आणखी मागे. घाबरू नको, मी आहे ना." विचार करायला वेळच नव्हता तिला. तोंडातून जे येईल ते येत होतं, काही चुकीचं, काही मध्येच डच, बहुतेक मराठी. इतकी बोलणी मी कॉलेजातल्या मुलीकडून पहिल्यांदाच खाल्ली. गाठ सुटली तेव्हा माझ्या फितीला घामाचा डाग पडला होता आणि सगळे टाळ्या वाजवत होते.

नंतर पिलारबाईंनी घरून आणलेली तोर्तिया वाढली, बटाटा घातलेलं जाड आम्लेट, गारच खातात. मी विचारलं, हा फितींचा नाच मूळचा कोणाचा. त्या म्हणाल्या, स्पेनमध्ये कितीतरी गावांत आहे, आणि दुसऱ्या देशांतही. वसंतात झाडाभोवती नाचायचे, त्यातून आला असं काही म्हणतात. मी म्हटलं, आमच्या बाजूला गोव्यात पोर्तुगीज होते, त्यांनी तिकडे आणला की आमच्याकडून नेला. रेवाने मला त्यांचं उत्तर सांगितलं. "कोणालाच माहीत नाही, आजी. पिलार म्हणते, झाड आणि दोरी सगळीकडे असते."

संध्याकाळी आम्ही कालव्याच्या कडेने तिच्या खोलीवर निघालो. रेवा सायकल हातात धरून चालत होती, माझी पिशवी कॅरियरला. बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं संपलं, हॉलमधलं हॉलमध्ये राहिलं. आणि मग तिने मराठीतच विचारलं.

"तुला राग नाही आला? सगळे हसले."

"हसण्यासारखंच होतं. मीसुद्धा हसले."

"मला आला होता," ती म्हणाली.

मला वाटलं आजचंच सांगते आहे. पण ती गावातलं सांगत होती. आठ वर्षांची असताना ती वाडीवर आली होती. चुलत भावंडं तिच्या मराठीला हसली. एकाने तर सुट्टीभर तिच्यासारखं बोलून दाखवलं, जेवताना, विहिरीवर, सगळ्यांसमोर. तेव्हा तिने ठरवलं की आता नाही बोलायचं. इंग्रजीत कोणी हसत नाही. आणि वाडीवरही नाही यायचं. पुढे कधी भारतात आली तरी ती पुण्याला तिच्या आईच्या माहेरी राहायची. आम्ही सगळे समजत होतो की तिला डास चावतात म्हणून येत नाही. मी तिच्यासाठी दर वर्षी मच्छरदाणी धुऊन ठेवायची.

शहाणी आजी असते तर काही चांगलं बोलले असते. मी म्हटलं, "तो पिंट्या ना? तो अजून 'र' नीट म्हणत नाही, आणि आता बँकेत कर्ज देतो."

ती सायकलच्या हँडलवर डोकं टेकून हसली. आणि मग जी बोलायला लागली ती खोली येईपर्यंत थांबली नाही. खोलीवर चौघं राहतात. त्यातला एक फक्त चमचे धुतो, ताट कधी धुतच नाही. दोनदा सायकल चोरीला गेली, आणि दुसऱ्यांदा चोरीला गेलेली तिने बाजाराजवळ बघितली, पण आणायचं धाडस झालं नाही. तोंडी परीक्षेआधी तिला उलटी होते. हे समीरला माहीत नाही. आता ब्लॉगवर लिहू का विचारलं, तर म्हणाली लिही, बाबा एवढं लांबलचक वाचत नाही.

जिना खरोखर शिडीसारखा आहे. चढताना हात टेकून, उतरताना बसून एकेक पायरी. लाज वाटू देऊ नका. गुडघे दुखत असतील तर स्टेशनजवळ लिफ्टवालं हॉटेल घ्या, पण विद्यार्थ्यांच्या खोलीत राहायची मजा त्यात नाही. चमचेवाला मुलगा भेटला. चमचे खरंच लखलखीत होते.

रविवारी बागेत ऊन पडलं होतं, वारा मात्र कानात शिरणारा. सप्टेंबर असला तरी स्वेटर आणि कानाला रुमाल ठेवाच. कॉफी थर्मासमधून न्या, बागेतली महाग आणि पाणचट.

आधी सार्दाना झाला, स्पेनच्या कातालोनिया प्रांताचा. हातात हात धरून गोल करायचा, लहान लहान पावलं, चेहरे गंभीर, कारण प्रत्येक जण मनात पावलं मोजत असतो. ह्यात कोणीही शिरू शकतं, वाटेवरचा माणूससुद्धा. फक्त जोडीच्या मध्ये घुसायचं नाही. आणि पिशव्या, कोट सगळं गोलाच्या मधोमध ठेवायचं. त्यांची भाषा दाबली जायची त्या काळातही लोकांनी हा नाच सोडला नाही, असं रेवाने सांगितलं. मी शिरले. पण पिशवीत माझ्या गोळ्या आणि पासपोर्टची झेरॉक्स. अनोळखी लोकांच्या मध्ये ती टाकायची म्हणजे जीवावर आलं. पाऊल चुकलं ते त्यामुळे, नाचामुळे नाही. मग लक्षात आलं, सगळ्यांची पाठ बाहेर आणि तोंड पिशव्यांकडे आहे. इतकी राखण बँकेतही होत नसेल.

नंतर बास्क मुलखाचा मानाचा नाच. ज्याचा मान करायचा तो माणूस उभा राहतो आणि नाचणारा त्याच्यासमोर एकटा नाचतो. ह्या वेळी मान पिलारबाईंचा होता. नाचणारा उनाई नावाचा विद्यार्थी, पांढरे कपडे, लाल पट्टा. शेजारी एकच माणूस एका हाताने बासरी आणि दुसऱ्या हाताने ढोलकं वाजवत होता. उनाईचा पाय थेट त्याच्या डोक्याच्या वर जायचा आणि खाली येताना आवाज नाही. पिलारबाई ताठ उभ्या, डोळे भरलेले. सगळी बाग गप्प.

संपलं आणि मला राहवलं नाही. एवढं गुणी पोर, एवढ्या लोकांच्या नजरा. मी पुढे गेले, त्याच्या चेहऱ्यावरून हात उतरवले आणि माझ्या कानशिलावर बोटं मोडली. दहाच्या दहा वाजली, कडाकड. तिथली पद्धत अशी की सगळ्यांनी स्तब्ध राहायचं. उनाई घाबरून जागेवरच थांबला. पिलारबाईंनी रेवाला विचारलं की भारतातल्या टिचक्या ह्याच का, लाकूड कुठे आहे. रेवाने मग सगळ्यांना समजावलं, दृष्ट म्हणजे काय, ती कशी काढतात. एक बाई पुढे येऊन म्हणाल्या, आमच्या गावात पण लागते. मग आणखी तिघं दृष्ट काढून घ्यायला उभे. माझी बोटं किती वेळा मोडणार. पहिल्याला जी वाजली ती वाजली.

फितींचा नाच शेवटी. माझी जागा त्या उशिरा आलेल्या मुलीला दिली, देवाची कृपा. मी पुढे गवतावर बसले. रेवाने लाल घागरा घातला होता, वर काळी चोळी, पायात पांढरे मोजे. वेणी विणली गेली, खांबावर चौकटी उमटल्या, आणि मग उलटी पावलं. मी एकदाही ओरडून सांगितलं नाही, कोणाचं चुकलं. चुकलंच नव्हतं. रेवा माझ्यासमोरून जायची तेव्हा ओठांनी काहीतरी बोलत होती. मी नीट बघितलं. "वर, खाली, वर," म्हणत होती. सगळी फीत ती मराठीत विणत होती.

परतीला ती उट्रेख्तपर्यंत सोडायला आली. देन बॉशच्या गाडीत बसवून दिलं, पुढे देन बॉशला समीर घ्यायला आला. ह्या वेळी शांततेचा डबा सोडून बसलो होतो, आणि बरं झालं.

आता बेस्टला परत आले आहे. गुडघे दोन दिवस बोलत होते, आता गप्प आहेत. खर्च म्हणाल तर गाडीभाडं आणि खाणं, एवढाच. नाचांना तिकीट नव्हतं. पिलारबाईंनी निरोपाला आपल्या टिचक्यांचा एक जोड दिला, तो मला वाजत नाही.

काल रेवाचा फोन आला, माझ्या फोनवर, समीरच्या नाही. चमचेवाल्याने ताट धुतलं, ही बातमी द्यायला. मग म्हणाली, ती मार्चमध्ये वाडीवर येणार, शिमग्याला. गोफ बघायला. मी म्हटलं, ये. मच्छरदाणी आहे. ती म्हणाली, बघायला नाही, आजी, धरायला.

मी म्हटलं, आमच्याकडे बायका धरत नाहीत गं. गावचे लोक नाही म्हणाले तर?

"मग आपण बाजूला दुसरा बांधू," रेवा म्हणाली. "झाडं आहेत ना तिथे?"

झाडं पुष्कळ आहेत. रात्रभर विचार केला आणि सकाळी गावाला धाकट्या भावाला फोन लावला. म्हटलं, बाळा, शिमग्याला गोफाच्या दोन दोऱ्या जास्त ठेव.

"कित्याक गो, ताई?" तो म्हणाला. "माणसां पुरी आसत."

मी म्हटलं, दोन वाढली.